डॉ. ॲलिस हॅमिल्टन : कामगारांच्या आजाराचं मूळ शोधणाऱ्या डॉक्टरबाई



थोरांच्या गोष्टी सांगताना आपण मुलांना शास्त्रज्ञ सांगतो, स्वातंत्र्यसैनिक सांगतो, समाजसुधारक सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, हेही सांगतो. पण कामावर गेलेला माणूस तिथल्या धुळीने, वाफेने, रंगाने आजारी पडतो आणि ते आजारपण टाळता येतं, हे ज्यांनी पुराव्यानिशी दाखवलं त्यांची नावं आपल्या पाठांत फारशी येत नाहीत. आज अशाच एका डॉक्टरबाईंची माहिती पाहू. त्या अमेरिकेतल्या. नाव डॉ. ॲलिस हॅमिल्टन.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या बाईंचं आपल्याला काय? थोडं थांबा. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील रोज एमआयडीसीत कामाला जातात. कुणी बॅटरीच्या कामात, कुणी रंगाच्या, कुणी केमिकलच्या. तुमच्याकडेही असतील. ही गोष्ट त्या मुलांच्या घरापर्यंत येते.

बालपण आणि शिक्षण

ॲलिस यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. म्हणजे महात्मा गांधी ज्या वर्षी जन्मले तेच वर्ष. बालपण मात्र इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या गावी गेलं. आजोबांनी मिळवलेली मोठी मालमत्ता, मोठं आवार, चुलत भावंडांचा गोतावळा असं ते घर. चार बहिणी आणि एक धाकटा भाऊ. आईवडिलांना शाळेतली शिकवण्याची पद्धत पसंत नव्हती, त्यामुळे मुलींचं शिक्षण घरीच झालं. भाषा भरपूर, इतिहास-साहित्य भरपूर, पण गणित आणि विज्ञान जवळजवळ नाहीच! थोरली बहीण एडिथ पुढे ग्रीक पुराणकथांवरच्या पुस्तकांमुळे जगभर प्रसिद्ध झाली. आई अन्याय दिसला की गप्प बसणारी नव्हती. कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे असं म्हणून आपण बाजूला व्हायचं नाही, हे तिने मुलींच्या मनावर चांगलंच ठसवलं होतं.

ॲलिस सोळा वर्षांची असताना वडिलांचा घाऊक किराणा व्यापार बुडाला. आता मुलींना आपापल्या पायावर उभं राहणं भाग होतं. ॲलिसने डॉक्टर व्हायचं ठरवलं. कारण साधं होतं. डॉक्टर कुठेही जाऊ शकतो, कुठल्याही गावात त्याचा उपयोग होतो. पण विज्ञानाचा तर पायाच कच्चा. मग ही मुलगी गावातल्या एका हायस्कूल शिक्षकाकडे भौतिक आणि रसायनशास्त्र शिकली आणि तिथून पुढे वैद्यकीय शिक्षणाकडे गेली. (शिक्षक मित्रांनो, त्या शिक्षकांचं नाव इतिहासात कुणी घेत नाही. आपलं हे असंच असतं!)

१८९३ साली मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. आपल्या आनंदीबाई जोशी याच अमेरिकेत, फिलाडेल्फियात, १८८६ साली डॉक्टर झाल्या होत्या. म्हणजे ॲलिस यांच्या सात वर्षं आधी. पुढच्या शिक्षणासाठी ॲलिस आणि एडिथ जर्मनीला गेल्या. तिथे विद्यापीठात बायकांना प्रवेश नव्हताच. वर्गात बसू दिलं, पण कुणाच्या नजरेत भरायचं नाही या अटीवर.

हल हाऊस

१८९७ साली शिकागोच्या एका महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना शिकवण्याची नोकरी मिळाली. नोकरीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे त्या राहायला गेल्या हल हाऊसमध्ये. जेन ॲडम्स या समाजसेविकेने गरीब वस्तीच्या मधोमध एका जुन्या मोठ्या घरात हे केंद्र सुरू केलं होतं. सुशिक्षित माणसांनी वस्तीत येऊन शेजाऱ्यासारखं राहायचं, ही कल्पना. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, पोलिश, ज्यू अशी देशोदेशीहून पोट भरायला आलेली माणसं. ॲलिस तिथे तब्बल बावीस वर्षं राहिल्या. दिवसा प्रयोगशाळा, आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या तान्ह्या बाळांना आंघोळ घालायचा दवाखाना, संध्याकाळी वर्ग.

इथली एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. १९०२ साली शिकागोत टायफॉइडची मोठी साथ आली. हल हाऊसच्या भागात तर फारच. ॲलिस यांनी पाहिलं, उघडे संडास आणि त्यावर माश्या. त्यांनी माश्या पकडल्या, प्रयोगशाळेत तपासल्या, त्यात जंतू सापडले. शोधनिबंध छापून आला, खूप नाव झालं, आरोग्य खात्याची झाडाझडतीही झाली. आणि मग खरं कारण बाहेर आलं. पाण्याच्या मुख्य नळात सांडपाणी मिसळलं होतं आणि आरोग्य मंडळाने ही गोष्ट दाबून ठेवली होती! माश्यांचा वाटा असलाच तर फार थोडा. त्यानंतरही लोक त्या माश्यांच्या शोधाचं कौतुक करत राहिले आणि बाई दरवेळी अवघडून खरी हकिकत सांगत राहिल्या. आपल्या आत्मचरित्रातही त्यांनी हे लिहून ठेवलं. माझ्या मते पुढचं सगळं काम या प्रसंगातून घडलं. समोर दिसणारं कारण खरंच असतं असं नाही, आणि अधिकारी सांगतात तेवढंच सत्य नसतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

हल हाऊसच्या शेजाऱ्यांकडून त्यांच्या कानावर वेगळ्याच गोष्टी येत. कुणाचा नवरा रंगाच्या कारखान्यात होता, त्याचे हात लुळे पडले. कुणी पोटातल्या कळांनी गडाबडा लोळतो. कुणी धडधाकट माणूस एकाएकी भ्रमिष्ट झाला. ॲलिस यांनी याविषयी पुस्तकं शोधली. इंग्लंड, जर्मनीची पुस्तकं मिळाली. तिथे अशा धोक्याच्या धंद्यांवर कायदे होते, तपासनीस होते. अमेरिकेविषयी काहीच नाही. अमेरिकन डॉक्टरांना विचारलं तर त्यांचं म्हणणं, आमच्याकडे मजुरी चांगली, कारखाने चांगले, इथे असले आजार होत नाहीत. शोधलंच नाही तर सापडणार कसं?

शिशाचा माग

१९१० साली इलिनॉय राज्याने कामामुळे होणाऱ्या आजारांची पाहणी करायचं ठरवलं. देशातली अशी ही पहिलीच पाहणी. तिची सूत्रं ॲलिस यांच्याकडे आली. हाताशी तरुण डॉक्टर, वैद्यकीय विद्यार्थी आणि समाजसेविका. विषं तर पुष्कळ होती, पण बाईंनी स्वतःकडे शिसे घेतलं, कारण ते सगळ्यात जास्त ठिकाणी वापरलं जाई.

शिसे आपल्याही ओळखीचं आहे बरं का. देवाला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच लाल ऑक्साइड. मुर्दाडशिंग हाही शिशाचाच प्रकार. आणि सफेदा म्हणून जो पांढरा रंग पूर्वी भिंतींना, दारांना देत तोही शिशाचा. शिसे शरीरात हळूहळू साठतं. चेहरा पांढराफटक पडतो, हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ येते, पोटात कळा, बद्धकोष्ठ, मग मनगट लुळं पडून हात खाली लोंबतो. जास्त झालं तर झटके, भ्रम आणि मृत्यू. बायकांमध्ये गर्भपात.

त्या काळी सफेदा कसा बनवत, ते बघा. शिशाच्या चकत्या मडक्यांत ठेवायच्या, खाली सिरक्यासारखं विरळ आम्ल, आणि सगळं झाडाच्या सालीच्या भुशात पुरून तीन-चार महिने बंद खोलीत रचून ठेवायचं. शिशावर पांढरी साय धरते. मग मजूर आत शिरून ती साल खरवडून काढतात, वाळवतात, दळतात, पिंपात भरतात. प्रत्येक पायरीला पांढरी धूळ. माणूस बाहेर येतो तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. फरक एवढाच की हे पीठ विषारी.

कारखान्यात आजारी माणूस दाखवा म्हटलं तर मुकादम म्हणणार, इथे कुणी आजारीच नाही. खरंही होतं ते, कारण आजारी माणूस कामावर नसतोच. तो घरी असतो किंवा त्याला काढून टाकलेलं असतं. म्हणून बाई कारखान्याबाहेर पडल्या. रुग्णालयांची रजिस्टरं चाळली. वस्तीतल्या औषधवाल्यांना विचारलं. धर्मगुरूंना विचारलं. दारूच्या गुत्त्यांतही चौकशी केली. मजुरांच्या बायकांशी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून बोलल्या. एखाद्या घरी पत्ता चुकीचा निघाला की पुढचं घर. हाडाचा शिक्षक गैरहजर मुलाच्या घरी जातो ना, अगदी तसंच. अशा रीतीने शिसे वापरणारे ७७ प्रकारचे उद्योग आणि शिशाच्या विषबाधेचे ५७८ रुग्ण त्यांच्या पाहणीत नोंदले गेले.

एक प्रसंग तर मला फार आवडतो. एका रुग्णालयात शिशाची बाधा झालेला पोलिश कामगार होता. तो बाथटबांना चकचकीत मुलामा देण्याचं काम करत असे. या कामात शिसे असतं हेच बाईंना ठाऊक नव्हतं. त्या कारखाना बघून आल्या, तर धोक्याचं काही दिसलं नाही. मग त्या कामगाराकडे गेल्या. त्याने सांगितलं की तुम्हाला दाखवलं ते वरवरचं शेवटचं काम, खरा मुलामा दुसऱ्या इमारतीत देतात. तिथे तापून लाल झालेल्या टबावर मजूर चाळणीने मुलाम्याची पूड भुरभुरवत आणि ती श्वासाबरोबर आत जाई. पूड तपासली तेव्हा त्यात विरघळणारं शिसे भरपूर निघालं. पाहुण्यांना शाळेची कुठली बाजू दाखवायची हे आपल्यालाही माहीत असतं, नाही का? म्हणून जो रोज तिथे असतो त्यालाच विचारायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. मालकांचं सरसकट म्हणणं असायचं की कामगार अडाणी आहेत, हात न धुता जेवतात, दारू पितात, म्हणून आजारी पडतात. डॉक्टरसुद्धा तेच म्हणत. ॲलिस यांनी दाखवून दिलं की मुख्य वाट तोंडाची नसून श्वासाची आहे. हवेत धूळ आणि वाफ असेल तर माणूस कितीही स्वच्छ राहिला तरी तो आजारी पडणारच. मग उपाय कुठे करायचा? माणसाच्या हातावर नाही, यंत्रावर. धूळ उडणारं काम ओलं करून करायचं, यंत्र झाकायचं, धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेणारी नळी बसवायची. साबण आणि जेवायची वेगळी खोली हवीच, पण त्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. या एका वळणाने सगळा प्रश्नच बदलला. आपण वर्गात मूल मागे पडलं की त्याच्या आळसावर बोट ठेवतो आणि बाक, उजेड, उपाशी पोट बघत नाही, तशातलंच हे.

नॅशनल लेड या बड्या कंपनीचे एक प्रमुख होते एडवर्ड कॉर्निश. बाईंनी त्यांना सांगितलं की तुमच्या माणसांना विषबाधा होते आहे. त्यांचा विश्वास बसेना. रागावले, पण म्हणाले, सिद्ध करून दाखवा. बाई परत आल्या त्या रुग्णालयात दाखल झालेल्या २२ कामगारांची नोंद घेऊन. कॉर्निश शब्दाला जागले. कारखान्यात धूळ आणि वाफ रोखायची व्यवस्था केली, डॉक्टर नेमले. ही व्यवस्था कशी करायची हे देशात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांच्या माणसांना ती स्वतःच शोधून काढावी लागली. सगळे मालक असे नव्हते, हे सांगायला नकोच. पुलमन कंपनीत रेल्वेच्या डब्यांचे छत रंगवून कोरडंच घासत, रंगाऱ्यांच्या नाकातोंडात भुकटी पडे. तिथे दाद लागेना, तेव्हा जेन ॲडम्स यांच्या ओळखीच्या एका श्रीमंत भागधारक बाईंकडून दबाव आणला गेला. कंपनीने वैद्यकीय विभाग उघडला. आजारी रंगाऱ्यांचा आकडा शंभरावरून पुढच्या वर्षी बोटांवर मोजण्याइतका खाली आला.

पाहणीचा अहवाल आला आणि १९११ साली इलिनॉयमध्ये कायदा झाला. धोक्याच्या कामात संरक्षणाची साधनं द्या, दर महिन्याला कामगारांची वैद्यकीय तपासणी करा आणि आजार आढळला तर सरकारला कळवा. आज वाचताना साधं वाटतं. तेव्हा ते नवीन होतं.

दरम्यान १९१० मध्येच त्या ब्रुसेल्सला एका आंतरराष्ट्रीय परिषदेला गेल्या होत्या. तिथे बेल्जियमच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकेतली आकडेवारी विचारली, कायदे विचारले, आणि उत्तर द्यायला अमेरिकन मंडळींकडे काही नव्हतं. भर सभेत मान खाली गेली. सभेला अमेरिकेचे कामगार आयुक्तही हजर होते. त्यांनी बाईंना देशभर अशीच पाहणी करायला सांगितलं. १९११ ते १९२१ ही दहा वर्षं त्या केंद्र सरकारच्या विशेष तपासनीस होत्या. पण अधिकार काय? काहीच नाही! कारखान्यात शिरायचा हक्क नाही, दंड करायचा नाही. दारात उभं राहून विनंती करायची. ठेंगणी, मृदू बोलणारी बाई बघून मालक आत घेत आणि पुढे सगळं ऐकून थक्क होत.

पहिल्या महायुद्धात स्फोटकांचे कारखाने गुप्त ठिकाणी होते. पत्ता कुणी देईना. बाई आकाशाकडे बघत गेल्या. नायट्रिक आम्लाचे नारिंगी-पिवळे धूर जिथे उठत तिथे कारखाना, आणि पिकरिक आम्लाने हात-चेहरा पिवळे झालेले कामगार रस्त्यात दिसले की त्यांनाच विचारायचं. युद्धाला त्यांचा विरोध होता. १९१५ साली जेन ॲडम्स यांच्याबरोबर त्या हेग येथील महिलांच्या शांतता परिषदेला जाऊन आल्या होत्या. तरीही दारूगोळा बनवणाऱ्या मजुराचा जीव वाचवणं त्यांनी आपलंच काम मानलं. याशिवाय इंडियानातले दगडफोडे, ज्यांची बोटं हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने थंडीत पांढरी, बधिर पडत. फेल्ट हॅट बनवणारे, ज्यांचे हात पाऱ्याने थरथरत. ॲरिझोनातले तांब्याच्या खाणीतले मजूर. सगळीकडे त्या स्वतः गेल्या, खाणीत शिडीने उतरल्यासुद्धा.

हार्वर्डच्या तीन अटी

१९१९ साली हार्वर्ड विद्यापीठाला हा विषय शिकवायला माणूस हवा होता आणि देशात या विषयातलं सगळ्यात जाणतं माणूस ही बाईच होती. नाइलाज! हार्वर्डच्या इतिहासातल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. पण तीन अटी. प्राध्यापकांच्या क्लबात पाऊल टाकायचं नाही, फुटबॉलच्या सामन्याची तिकिटं मागायची नाहीत, आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही. त्यांनी अर्धवेळ नोकरी घेतली, म्हणजे उरलेल्या महिन्यांत कारखाने फिरता येतील. सहायक प्राध्यापक म्हणून लागल्या आणि १९३५ मध्ये सहायक प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या. सोळा वर्षांत एकही बढती नाही. त्याच वैद्यकीय महाविद्यालयाने मुलींना विद्यार्थिनी म्हणून घेतलं ते १९४५ साली. पदोन्नतीच्या यादीची वाट बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे वाचून थोडं हसू येईल, थोडा रागही.

याच काळात त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई झाली आणि त्यात त्या हरल्या. मोटारीचं इंजिन ठोके न देता चालावं म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग, टेट्राएथिल लेड, मिसळायला सुरुवात झाली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात ते बनवताना पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारने परिषद बोलावली. कंपन्यांचं म्हणणं, कारखान्यात काळजी घेऊ. ॲलिस यांचं म्हणणं वेगळं होतं. कारखाना एक वेळ ताब्यात ठेवता येईल, पण गाड्यांच्या धुरातून रस्तोरस्ती पसरणारं शिसे कसं आवरणार? दुसरा पदार्थ शोधा. काही महिने विक्री थांबली. १९२६ मध्ये परवानगी मिळाली आणि पेट्रोलमधलं शिसे जगभर गेलं. आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोल सगळीकडे आलं ते २००० साली. म्हणजे आज जे पालक तिशी-चाळिशीत आहेत, त्या सगळ्यांनी लहानपणी तो धूर घेतला आहे. मीही घेतला. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. बाईंनी इशारा दिल्यावर शहाण्णव वर्षांनी.

शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, लक्ष लागत नाही, शिकणं मंदावतं, हे आता पक्कं सिद्ध झालेलं आहे. रक्तात इतकं शिसे चालेल अशी सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण शिक्षकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

घड्याळाच्या तबकडीवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या मुलींची गोष्ट काहींनी ऐकली असेल. ओठांनी कुंचल्याला टोक काढता काढता त्यांचे जबडे सडले. त्या प्रकरणातही खरा अहवाल लोकांसमोर यावा म्हणून पडद्यामागे ॲलिस यांनी पत्रं लिहिली, वृत्तपत्रवाल्यांना गाठलं. निवृत्तीनंतर रेयॉनच्या, म्हणजे कृत्रिम रेशमाच्या कारखान्यांत कार्बन डायसल्फाइडने कामगारांच्या डोक्यावर होणारा परिणाम त्यांनी तपासला. तेव्हा वय जवळजवळ सत्तर. १९४३ मध्ये आत्मचरित्र आलं. पुढे कनेटिकट राज्यातल्या हॅडलाइम या नदीकाठच्या गावात बहिणीसोबत शांतपणे राहिल्या, पण तिथूनही पत्रं लिहिणं, सह्या करणं सुरूच. नव्वदी ओलांडल्यावर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध आवाज उठवला.

२२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा देशव्यापी कायदा झाला. त्यानुसार सरकारी तपासनीसाला कारखान्यात शिरायचा हक्क मिळाला. बाईंना जो आयुष्यभर नव्हता तो.

आपल्याकडे

आपला कारखाने अधिनियम १९४८ चा, तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्याला तिसरी अनुसूची म्हणून एक यादी जोडलेली होती. यातला आजार कामगाराला झालेला आढळला तर तपासणाऱ्या डॉक्टरने तो कारखाना निरीक्षकांच्या मुख्य कार्यालयाला कळवायचा असे, कलम ८९ प्रमाणे. त्या यादीत पहिला आजार शिशाची विषबाधा. दुसरा, टेट्राएथिल लेडची. पुढे फॉस्फरस, पारा, नायट्रस धूर, कार्बन डायसल्फाइड, बेंझिन. वर सांगितलेली गोष्ट परत वाचा, किती नावं जुळतात बघा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये याच कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. आपण कुठल्या रसायनाबरोबर काम करतो हे कामगाराला कळलं पाहिजे, त्याच्या आरोग्याची नोंद ठेवली पाहिजे आणि ती त्याला बघता आली पाहिजे, असं त्यात होतं.

पालकांनो, म्हणून काही साध्या गोष्टी विचारा. कंपनीत वर्षाची मेडिकल होते तेव्हा रक्ताचा रिपोर्ट तुम्हाला दाखवतात का? पिंपावरच्या लेबलवर काय लिहिलंय? ठेकेदाराकडून लागलेल्यांचीही तपासणी होते का? बॅटरी, रंग, डाग देण्याचं काम असेल तर कामाचे कपडे घरी आणून मुलांच्या कपड्यांत धुऊ नका, बादली वेगळी ठेवा. घरी आल्यावर आधी आंघोळ, मग लेकराला उचलून घ्या. घराला रंग द्यायचा असेल तर शिसेविरहित लिहिलेला डबा घ्या. २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा आपल्या देशात नियम आहे. पण जुन्या खिडक्या-दारं कोरडी घासताना मुलं जवळ नकोत, पाणी मारून घासा.

आणि शिक्षक मित्रांनो, चौथी-पाचवीला परिसर अभ्यासात व्यवसाय हा भाग शिकवताना एक तास या बाईंना द्या. मुलांना घरी विचारून यायला सांगा : बाबा किंवा आई कामावर कोणती वस्तू हाताळतात, तिथे धूळ असते का वास, आणि दमून आल्यावर काय दुखतं. मी हे दोन वर्षं करून घेते आहे. मुलं वहीत काय काय लिहून आणतात! एका मुलीने लिहिलं होतं की पप्पांच्या शर्टाला गोड वास येतो आणि रात्री त्यांचं डोकं दुखतं. तिच्या पप्पांना शाळेत बोलावलं, चहा पाजला आणि त्यांच्या खात्यात कोणतं थिनर वापरतात ते लेबल मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगितलं. फोटो आला. त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात बंद जागेत वापरू नये असं छापलेलं होतं. आता ते आणि त्यांच्या पाळीतले दोघे काम करताना शटर उघडं ठेवतात, आणि पंख्याची मागणी सुपरवायझरकडे लेखी दिली आहे.